नुमा कालामच्या मनगटावरची पौर्णिमा

ले कोंबेत गावात पदरचे पैसे घालून भारी घड्याळ विकत घेतलेला माणूस एकच, नुमा कालाम. बाकी सगळं गाव घड्याळं करतं.

म्हणजे असं, की गावातला प्रत्येक माणूस सकाळी उठून खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जातो, दिवसभर घड्याळाच्या एखाद्या तुकड्यावर डोळे फोडतो आणि संध्याकाळी घरी येऊन, बँकेने फुकट दिलेल्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या घड्याळात किती वाजले ते बघतो. मनगटावर सहसा कोणी काही बांधत नाही. बांधलंच तर पेट्रोल पंपावर टाकी भरून भरून मिळालेलं. भारी घड्याळ वापरणं हे हत्ती पाळण्यासारखं आहे, जगात कुठेतरी लोक ते करत असतील, त्यांचं त्यांना लखलाभ, असं गावाचं एकंदर मत.

नुमा कारखान्यातला नव्हता. गावकचेरीत कारकून होता. बर्फ काढणाऱ्या गाडीने कुठल्या गल्लीत आधी जायचं, दफनभूमीत कुणाची जागा कुणाशेजारी, कुत्र्यांचे बिल्ले आणि हिवाळ्यातली पौर्णिमेची गावसहल, ही त्याची खाती. माणूस कामाला वाईट नव्हता. पण त्याच्या टेबलासमोर खिडकी होती, आणि ही चूक कचेरी बांधणाऱ्याची. खिडकीत समोर देवदारांचा डोंगर, डोंगरावर धुकं, धुक्यात मधूनच एखादं झाड दिसायचं आणि विरघळायचं. नुमा हातात शिक्का घेऊन तिकडे बघत बसे. शिक्क्यावरची शाई वाळे. समोरचा माणूस खाकरे. मग नुमा पुन्हा शाई लावी.

गोष्ट खिशात फोन नसायचे तेव्हाची आहे, हेही सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं.

तर एका मार्चमध्ये नुमा दाताच्या डॉक्टरकडे खाली न्यूशातेल शहरात उतरला. दाढ निघाली. अर्धा जबडा बधिर, गालात कापूस, डोळ्यापुढे हलकंसं पाणी, अशा अवस्थेत तो तळ्याच्या काठाने स्टेशनकडे निघाला असताना त्याला एका दुकानाच्या काचेत ते घड्याळ दिसलं. पांढरी तबकडी. निळसर बारीक काटे. आणि खालच्या अर्ध्यात नखाएवढी खिडकी. त्या खिडकीत रात्र होती. गडद निळी रात्र, चार तारे, आणि एका गोल टेकडीमागून वर येऊ घातलेला सोन्याचा चंद्र.

नुमाने आयुष्यात पुष्कळ घड्याळं पाहिली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. अख्खं, चालतं, चंद्रासकट असं कधी पाहिलंच नव्हतं. तो काचेपुढे उभा राहिला. त्याची गाडी सुटली. पुढची गाडीही बहुधा सुटली असावी. आपल्या टेबलासमोरची खिडकी मनगटावर बांधून हिंडता आलं तर कसं वाटेल, एवढाच विचार त्याच्या डोक्यात तरंगत होता. मग तो आत गेला.

दुकानातल्या बाई पांढरे हातमोजे घालून पुढे आल्या. नुमाला म्हणायचं होतं, "मला रोज वापरायला एक घड्याळ बघायचं आहे." बधिर जबड्यातून जे बाहेर पडलं त्यात 'रोज' एवढंच स्पष्ट होतं, आणि त्याबरोबर थोडी लाळ. बाईंनी तत्परतेने रुमाल दिला. त्यावर दुकानाचं नाव भरतकामाने काढलेलं होतं.

"रोज?" बाई म्हणाल्या. "म्हणजे अधूनमधून नव्हे?"

नुमाने मान हलवली.

"मोस्यूंचं, म्हणजे आपलं, आयुष्य साधारण कशा प्रकारचं आहे?"

असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो गालातल्या कापसासकट विचारात पडला. तोवर बाईंनी मखमलीवर एक जाडजूड घड्याळ ठेवलं. हे खोल समुद्रातसुद्धा चालतं म्हणाल्या. नुमाला आपण निळ्याशार पाण्यात उलटे तरंगतो आहोत, बाजूने मासे चालले आहेत असं दिसलं आणि फार बरं वाटलं. पण ले कोंबेतमध्ये सर्वात खोल पाणी म्हणजे गुरांचा हौद. दुसऱ्या घड्याळात एकाच वेळी दोन शहरांची वेळ दिसत होती. दुसरं शहर कुठलं लावू, बाईंनी विचारलं. नुमाने मनातल्या मनात बरीच शहरं फिरून पाहिली. कुठल्याच शहरात त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. तो जरा उदास झाला आणि त्याने काचेतल्या चंद्राकडे बोट दाखवलं.

"तो," तो म्हणाला. हा शब्द मात्र अगदी स्वच्छ उमटला.

पैसे कुठून आले हे विचारू नये. गावाने ते भरपूर विचारून घेतलं आहे. नवी मोटार घ्यायला साठवलेले होते. जुनी मोटार मरायचं नाव घेत नव्हती. गावाला मात्र एवढं साधं उत्तर पुरलं नाही. कोणी म्हणालं, आत्या वारली. कोणी म्हणालं, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय, दाताच्या नव्हे, दुसऱ्या.

खरी अडचण घरी होती. नुमाची बायको ब्लांदीन खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या कारखान्यात कामाला होती, आणि तिचं काम म्हणजे चंद्र बसवणं. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्याने ती निळ्या चकत्या उचलायची आणि घड्याळात बसवायची. एका चकतीवर दोन चंद्र असतात. एक महिनाभरात मावळला की दुसरा वर येतो. लग्नानंतर लवकरच ती तिथे लागली होती आणि अजून तिथेच होती. आता अशा बाईला बाजारातून चंद्र आणून दाखवायचा म्हणजे काय, हे नुमाला गाडीत बसल्यावर सुचलं. तोवर जबडाही जागा झाला होता आणि ठणकायला लागला होता.

ब्लांदीनने डबी उघडली. घड्याळ खिडकीकडे धरून चंद्र कसा बसलाय ते पाहिलं.

"आमच्याकडचंच आहे," शेवटी म्हणाली.

"हो. मला वाटलं तुला आवडेल."

"नुमा, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाच बघते. आता जेवतानाही बघू?"

"मी बाही खाली घेईन जेवताना."

"घेशील," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली. रागावली नव्हती. तसं तिचं रागावणं नुमाला परवडलं असतं.

पण घड्याळ घालून हिंडणं एवढं सोपं नसतं. विम्याच्या कचेरीतल्या गृहस्थाने फोनवर पहिलाच प्रश्न असा टाकला, "घड्याळ ठेवणार आहात की घालणार आहात?"

"घालणार."

"रोज?"

"रोज."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "लोक सहसा ठेवतात," तो गृहस्थ म्हणाला. मग त्याने अट सांगितली. घड्याळ मनगटावर नसेल तेव्हा ते भिंतीत पक्क्या बसवलेल्या तिजोरीत असलं पाहिजे. तिजोरी बसेपर्यंत विमा नाही. आणि विमा नसताना घालून बाहेर पडलात तर आम्हाला काही सांगू नका.

आता, नुमाचं घर होतं जुनं शेतघर, दगडी भिंतींचं. अशा घरांच्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी गावकचेरीची परवानगी लागते. परवानगीचे अर्ज घेणारा माणूस नुमा कालाम. नुमाने अर्ज लिहिला, आणि खिडकीकडे बघत त्यावर शिक्का मारणार तेवढ्यात त्याची सहकारी जोस्लीन खाकरली. जोस्लीन वयाने त्याच्यापेक्षा लहान, पण नियम तिला जन्मतःच पाठ असावेत.

"मोस्यू कालाम, स्वतःचा अर्ज स्वतः घेता येत नाही."

"मग तू घे."

"घेईन की. अर्जदाराने अर्ज घ्यायच्या खिडकीच्या वेळेत यायला हवं."

"आहे ना मी इथे."

"इथे तुम्ही अर्जदार नाही, कर्मचारी आहात."

शेवटी नुमाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कोट घालून बाहेर गेला, दाराला वळसा घालून पुन्हा आत आला आणि स्वतःच्याच कचेरीत बाहेरच्या बाकावर बसला. त्या बाकावर किती थंडी वाजते हे त्याला तेव्हा कळलं. आत त्याच्या टेबलावरचा फोन वाजत होता. सवयीने तो उठला.

"अर्जदारांनी आत यायचं नाही," जोस्लीन वर न बघता म्हणाली.

"वाजतोय फोन."

"त्या टेबलाचे कर्मचारी आज रजेवर आहेत."

अर्ज वरच्या समितीकडे गेला. समितीचे लोक भिंत बघायला आले, भिंतीवर थापट्या मारून गेले. उन्हाळा झाला, गवत कापून झालं, गाई कुरणावरून खाली आल्या, पहिलं बर्फ पडलं. एवढा काळ घड्याळ स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे एका जुन्या मोज्यात झोपलं होतं. नुमा मधूनमधून डब्याशी जाऊन मोजा उघडून बघे. घड्याळ केव्हाच थांबलं होतं. चंद्र अर्धा टेकडीआड अडकून बसला होता, गाडी चुकलेल्या माणसासारखा.

परवानगी आली. गवंड्याने भिंतीला भोक पाडायला घेतलं. तो भला माणूस होता आणि जरा उत्साही होता. संध्याकाळी शेजारच्या मादाम मात्ते दारात येऊन उभ्या राहिल्या. या बाईंनी तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत घड्याळाचे स्क्रू चकचकीत करण्याचं काम केलं होतं आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीचा त्यांना धक्का बसत नसे.

"नुमा, तुझी तिजोरी माझ्या बाजूने उघडी आहे," त्या म्हणाल्या.

भिंत सामायिक होती. तिजोरीचं भोक मादाम मात्तेंच्या कोठीच्या खोलीत, मुरंब्याच्या फळीवर निघालं होतं.

"भरून देतो उद्याच."

"भर सावकाश. तोवर लक्ष ठेवते मी. बरं, आण बघू एकदा ते घड्याळ."

नुमाने मोठ्या आदराने मोजा उलगडला. मादाम मात्तेंनी घड्याळ घेतलं ते सरळ पालथं केलं. मागच्या काचेतून आतले स्क्रू दिसत होते. त्या निरखत राहिल्या. "कडा बऱ्या केल्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी याहून बऱ्या व्हायच्या." आणि परत दिलं.

"पण चंद्र पाहिलात का?"

"वरून बघण्यासारखं काय असतं त्यात," मादाम मात्ते म्हणाल्या.

तीच तऱ्हा झेलीम सांदोची. म्हातारा झेलीम आयुष्यभर काटे करत आला. घड्याळ हातात घेऊन त्याने डोळे बारीक केले, आणि "काटे सरळ आहेत," असा निर्वाळा दिला. बाकीच्या घड्याळाबद्दल त्याचं काही मत नव्हतं. मग रस्त्यात, दुधाच्या डेअरीत, चर्चच्या पायऱ्यांवर नुमाला लोक थांबवायला आणि घड्याळ बघायला त्याच्या घरी यायला लागले. कोणी फक्त तबकडी बघे. कोणी ते थांबलेलं असूनही कानाला लावी. कोणी पट्टा हुंगे. नुमाला हळूहळू जाणवलं, की या गावात ते घड्याळ सबंध बघणारा तो एकटाच आहे. ह्या जाणिवेने माणूस थोडा फुशारतो.

तर तिजोरी बसली, भोक बुजलं, विम्याचा कागद आला. एका रविवारी सकाळी नुमा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि त्याने घड्याळाला चावी दिली. वेळ लावली. आता चंद्र लावायचा होता. त्यासाठी कडेला एक बारीक खाच असते, तिच्यात काडी दाबली की चंद्र एक दिवस पुढे सरकतो. आभाळात बघून आजचा चंद्र कसा आहे ते ठरवायचं आणि तितका सरकवायचा. पण बाहेर बरेच दिवस बर्फ कोसळत होतं. आभाळ म्हणजे नुसती राखाडी गोधडी. नुमा काडी दाबत गेला. चंद्र टेकडीआडून बाहेर आला, वर चढला, भरला. निळ्या रात्रीच्या मधोमध सोन्याचा पूर्ण गोल. नुमाचा हात थांबला. असं काही सुंदर दिसलं ते, की पुढे दाबणं त्याच्या जिवावर आलं.

ब्लांदीन समोर कॉफी पीत होती. तिने पाहिलं. कप खाली ठेवला. 

दोन दिवसांत नुमा पार विसरला, की हा चंद्र आपण आवडीने लावलेला आहे. माणसाचं असंच असतं. घड्याळ चालत होतं, चंद्र रोज इमानाने कणाकणाने सरकत होता, मग तो बरोबरच असणार.

आणि नुमा घड्याळ रोज घालू लागला. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, हादरे टाळा. म्हणून त्याने लाकडं फोडणं बंद केलं. ती ब्लांदीन फोडू लागली. बर्फ उपसायचं फावडं तो एका हाताने चालवी, त्यामुळे कालामांच्या दारातली वाट डावीकडे वळत वळत मादाम मात्तेंच्या दारात जाऊ लागली. फोनच्या रिसीव्हरमध्ये लोहचुंबक असतं असं कळल्यावर तो रिसीव्हर उजव्या हाताने डाव्या कानाला लावायला लागला, आणि बोलताना स्वतःलाच मिठी मारल्यासारखा दिसायला लागला. कळस झाला तो गावच्या गायकवृंदाच्या कार्यक्रमात. वृंदाचा प्रमुख एमिल फाव्र, पोस्टमास्तर, कार्यक्रम संपवून वाकून उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत नुमा मांडीवर हात ठेवून, प्रसन्न चेहऱ्याने, जराही न हलता बसलेला.

दुसऱ्या दिवशी फाव्र कचेरीत आला.

"काय कमी पडलं, कालाम? सांगून टाका."

"छे, फारच सुंदर झालं."

"मग?"

"हादरे चालत नाहीत याला," नुमाने मनगट दाखवलं.

फाव्रने मनगटाकडे पाहिलं. "एका हाताने मांडी थोपटायची होती," तो म्हणाला. तेव्हापासून कालामांची पत्रं दुपारच्या फेरीला येऊ लागली.

दिवसेंदिवस कचेरीतल्या कामाचं मात्र नुमाला ओझं वाटेनासं झालं. खिडकीत धुकं, बाहीखाली रात्र. कंटाळा आला की तो बाही जरा वर करी, आणि त्या नखाएवढ्या निळाईत शिरून जाई. तिथे थंडी नव्हती, अर्जदार नव्हते. चंद्र कलेकलेने उतरत उतरत टेकडीआड गेला आणि दुसऱ्या बाजूने त्याचा जोडीदार हळूच डोकं वर काढू लागला, तेव्हा नुमाच्या लक्षात आलं की पौर्णिमेच्या सहलीची तारीख लावायला हवी.

ही सहल गावाची जुनी. बर्फावर चालायचे रुंद जोडे पायांत बांधून, संध्याकाळ पडता पडता वरच्या कुरणावर चढायचं, तिथल्या झोपडीत फोंड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये बुडवलेला पाव, खायचा आणि चांदण्यात खाली यायचं. दिवे न्यायचे नाहीत. चंद्र असताना दिवा नेणं हा चंद्राचा अपमान, अशी समजूत. तारीख दर वर्षी कचेरीतल्या भिंतीवरच्या पंचांगातून काढली जाई. यंदा नुमाने पंचांगाकडे बघितलंसुद्धा नाही. मनगटावर बघितलं, चंद्र कोणत्या शनिवारी भरतो याचा अंदाज बांधला, आणि फळ्यावर सूचना लावली.

झेलीम सांदो फळ्यापुढे उभा राहून डोकं खाजवत होता.

"अरे नुमा, घरच्या पंचांगात मला वेगळं दिसल्यासारखं वाटलं."

"पंचांग कुठे छापतात, झेलीमकाका?"

"बर्नला असेल, राजधानीत."

"आणि हे कुठे झालंय?" नुमाने बाही वर केली.

झेलीमने डोळे बारीक करून घड्याळाकडे पाहिलं. काटे त्याच्या हातचे नसले तरी त्याच्या शाळेतले होते. आपल्या खोऱ्यातलं घड्याळ खोटं आणि बर्नचा कागद खरा, असं फळ्यापुढे उभं राहून म्हणायला त्याची जीभ रेटेना. गावातल्या कुणाचीच रेटली नसती. आभाळ तर तोंड दाखवायलाच तयार नव्हतं.

त्या रात्री जेवताना ब्लांदीन म्हणाली, "यंदा मी येईन म्हणते सहलीला."

नुमाचा घास हातातच राहिला. ती आजवर कधी आली नव्हती. पौर्णिमेला डोंगर चढून पुन्हा आपलंच काम बघायला मी जाणार नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात सांगितलं होतं आणि ते पाळलं होतं. नुमाला वाटलं, घड्याळाने हे घडवलं. तो इतका खूश झाला की जेवताना बाही खाली घ्यायला विसरला, आणि ती त्याच्या मनगटाकडे जरा बघून हसली.

शनिवारी दुपारी आभाळ स्वच्छ झालं. कित्येक आठवड्यांनी. हा शुभशकुन समजून सगळं गाव जोडे बांधून निघालं. उजेड होता तोवर गंमत होती. पोरं पुढे धावत होती, मादाम मात्तेंच्या पिशवीत बाटल्या वाजत होत्या, फाव्र गायकवृंदाला गाण्यांचे कागद वाटत होता. रानात शिरले तसा उजेड संपला.

"येईल आता," नुमा म्हणाला.

आला नाही. पुढच्याला मागच्याचा पत्ता लागेना. कोणीतरी झाडाला नमस्कार केला, कोणीतरी फाव्रच्या जोड्यावर पाय दिला. मग लोकांनी एकमेकांच्या पिशव्यांचे पट्टे धरले आणि अख्खं गाव आगगाडीसारखं डोंगर चढायला लागलं. सर्वात पुढे ब्लांदीन होती. तिला अंधाराचं काहीच वाटत नव्हतं. कुरणावर पोचल्यावर सगळे पूर्वेच्या कड्याकडे तोंड करून ओळीत उभे राहिले. नुमाने काडेपेटीतली काडी ओढली आणि मनगट वर धरलं. निळ्या खिडकीत सोन्याचा गोल चंद्र झळकत होता. समोर आभाळात काळंकुट्ट होतं.

"उशीर होतोय त्याला," नुमा म्हणाला.

"चंद्राला उशीर होत नाही, कालाम," अंधारातून फाव्रचा आवाज आला.

काडी विझली. दुसरी पेटली. म्हातारा झेलीम धापा टाकत पुढे आला आणि त्याने घड्याळात नाक घातलं. "काटे बरोबर आहेत," तो म्हणाला. मादाम मात्ते म्हणाल्या, स्क्रू त्यांनी स्वतः बघितलेत, त्यात काही नाही. तबकडीवाला म्हणाला तबकडीचा काय संबंध. चाकं करणाऱ्याने चाकांची शपथ घेतली. एकेक करून घड्याळाचा प्रत्येक तुकडा निर्दोष सुटत गेला. शेवटी कोणीतरी सहजच म्हणालं, "मग चंद्र कुणी बसवलाय?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. काडीच्या उजेडात चेहरे एकेक करून ब्लांदीनकडे वळले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ह्या गावात माणसाचा तुकडा चुकला असं एकदा ठरलं, की ते त्याच्या दफनभूमीतल्या जागेपर्यंत त्याच्याबरोबर जातं. ती जागा कुठे, हेही नुमाला पाठ होतं.

ब्लांदीन आभाळाकडेच बघत उभी होती. 

आणि त्या क्षणी नुमाला तो रविवार आठवला. टेबल, काडी, बाहेरचं बर्फ.  गप्प राहिला असता तर घड्याळाची इज्जत गेली असती, बायकोची गेली असती, त्याची तेवढी राहिली असती. बोटं चटकेपर्यंत त्याने ती काडी धरून ठेवली.

"चंद्र बरोबर बसवलाय," तो म्हणाला. "लावला मी. आभाळ दिसत नव्हतं. मला जिथे सुंदर दिसला तिथे थांबवला."

काडी विझली, ते एक बरं झालं.

"कुठे?" झेलीमने विचारलं.

"जिथे सुंदर दिसला तिथे."

अंधारात कोणीतरी नाक ओढलं. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. सावकाश, जाड हातमोज्यांतून, थप, थप, थप. पोस्टमास्तर होता. नुमाला बर्फात शिरावंसं वाटलं. पण त्या थपथपीत मादाम मात्तेंचं हसू मिसळलं, मग झेलीमचं, मग सगळ्या ओळीतून हसण्याची लाट गेली आणि पलीकडच्या कड्यावर आपटून परत आली.

"म्हणजे आज अमावस्या आहे," मादाम मात्ते डोळे पुसत म्हणाल्या. "आम्ही दिवे न घेता अमावस्येला आलोय."

हसून हसून दमल्यावर लोकांनी माना वर केल्या. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. आणि मग हळूहळू गप्प झाले. पौर्णिमेला येऊन येऊन त्यांना हे कधी दिसलंच नव्हतं. डोंगराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेच तारे, इतके खाली आलेले की देवदारांच्या शेंड्यांत अडकल्यासारखे. मधून दुधाचा पट्टा सांडलेला. बर्फाला स्वतःचाच एक मंद निळा उजेड होता. फाव्रने सवयीने कागद उघडला, काही दिसेना, मिटून खिशात घातला. वृंदाने जे पाठ होतं ते म्हटलं. दुसऱ्या कडव्याला निम्मे लोक तिसऱ्यात होते. कुणाचं काही अडलं नाही.

झोपडीत चुलीच्या उजेडात फोंड्यूचं भांडं रटरटत होतं. नुमाला कोणी ढवळू देईना. तू मनगट सांभाळ, म्हणाले. त्याने पावाचा तुकडा बुडवला तेव्हा बाहीसकट घड्याळ चीजमध्ये गेलं. बाहेर काढलं तर लांब तार निघाली. अख्ख्या गावाने त्यावर डोकी जमवली, आणि कोणाच्या तुकड्यात चीज गेलं असेल यावर चेरीच्या दारूबरोबर बराच काळ चर्चा चालली. चंद्र चीजखाली दिसेनासा झाला होता. नुमा भिंतीला टेकून बसला. वाईट वाटायला हवं होतं. ते येता येता वाटेतच कुठेतरी थांबलं.

उतरताना झोपडीतल्या दोन कंदिलांमागे गाव निघालं. ब्लांदीन आणि नुमा मुद्दाम मागे राहिले. म्हणजे ती राहिली, म्हणून तो राहिला. कंदील खाली खाली जात लहान झाले.

"तू उगाच सांगितलंस," ती म्हणाली. "मी सांगणार होते."

"तुला काय माहीत होतं सांगायला?"

"तू काडी दाबत होतास तेव्हा मी समोर होते, नुमा. महिन्याच्या कुठल्या दिवशी चकती कुठे असते हे मला झोपेतही कळतं. सूचना वाचली तेव्हाच कळलं होतं, अमावस्या काढलीयस म्हणून."

नुमा थांबला. बर्फ पायाखाली कुरकुरायचं थांबलं.

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मला यायचं होतं," ब्लांदीन म्हणाली. "डोळे मिटले तरी मला चंद्र दिसतात रे. रात्री खिडकीत असला तरी वाटतं, हा जरा तिरका बसलाय. एक रात्र पाहिजे होती, जिच्यात तो नाही. गावासाठी वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सांगवलं नाही."

ती मान वर करून उभी होती. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, नुसती टोपीची कड आणि तिच्यामागे तारे. इतकी वर्षं आपण एकटेच स्वप्नाळू आहोत असं नुमा समजत होता.

"उद्या तो नीट लावून टाकतो," जरा वेळाने तो म्हणाला. "चीज निघालं तर."

"मी लावून देईन. तुझ्यावर सोडलं तर गावाला बाराही महिने पौर्णिमा दाखवशील." तिने त्याचं ते चिकट मनगट धरलं आणि चालायला लागली. "पण पुढच्या खेपेला आभाळात तो नसेल, ती तारीख तेवढी सांग मला."

नुमाने ती तारीख भिंतीवरच्या पंचांगात बघितली. दोनदा बघितली, आणि एरवी स्वतःचा वाढदिवस विसरणाऱ्या त्या माणसाने ती लक्षात ठेवली. त्या संध्याकाळी ते दोघंच वर गेले. कचेरीच्या फळ्यावर त्याची सूचना लागली नाही.